पहिल्या वाढदिवसाला जुन्या चादरीतून काय शिवावं?

प्रश्न थोडक्यात असा. सोलापुरातल्या एका मामाला भाचीच्या पहिल्या वाढदिवसाला स्वतःच्या हाताने काहीतरी करून द्यायचं आहे. घरात वडिलांची मधोमध विरलेली सोलापुरी चादर आहे, आईच्या दोन जुन्या इरकली आणि एक सुती साडी आहे, जुने टॉवेल आहेत. आई शाळेच्या युनिफॉर्मच्या कारखान्यात शिवणकाम करते, त्यामुळे चिंध्यांचं गाठोडं आहे. आजोबांचा हातमागावर आडवा दोरा नेणारा लाकडी धोटाही जपून ठेवलेला आहे. मनातले बेत तीन: बटणांचे डोळे लावलेलं अस्वल, आत डाळ भरलेला खुळखुळा, आणि धोट्याला चाकं लावून गाडी. घरात मशीन आहे, मामांना धावदोरा येतो, हाताशी तीन आठवडे आहेत.

मी जुन्या कपड्यांतून लहान मुलांच्या वस्तू शिवते आणि शिकवते, म्हणून स्पष्ट सांगते. तिन्ही बेत बाजूला ठेवा आणि कापडी पुस्तक शिवा. हाताएवढं, तीन पानांचं, सहा बाजूंचं. तुमच्याकडचं प्रत्येक कापड त्यात बसेल, वर्षाच्या बाळाला ते आज उपयोगी पडेल आणि धावदोरा येणाऱ्या माणसाला आईच्या मदतीने तीन आठवड्यांत जमेल.

आधी ते तीन बेत का नकोत ते बघू, म्हणजे मन राजी होईल. वर्षाचं मूल वस्तू ओळखतं ते तोंडाने. दिलेली गोष्ट आधी तोंडात जाते, मग आपटली जाते, मग ओढली जाते. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी जगभर एक माप वापरतात: 31.7 मिलिमीटर व्यासाची नळी. त्या नळीत जी वस्तू पूर्ण मावते ती घशात अडकू शकते. आपल्या दहा रुपयांच्या नाण्याचा व्यास 27 मिलिमीटर आहे, म्हणजे त्या नाण्याहून जेमतेम अर्धा सेंटीमीटर मोठं भोक डोळ्यांसमोर आणा. शर्टाचं कुठलंही बटण त्यातून जातं. बटण घट्ट शिवलंय हा युक्तिवाद इथे चालत नाही, कारण बटण सुटतं तेव्हा सहसा दोरा तुटत नाही, बटणाखालचं जुनं कापड फाटतं. मणी, टिकल्या, आरसे, घुंगरू यांनाही हाच नियम. डोळे हवेच असतील तर भरीव टाक्याने भरा.

डाळीचा खुळखुळा घरोघरी होतो. बाटलीचं झाकण कितीही चिकटवलं तरी आपटून आपटून प्लॅस्टिकला चीर जाते आणि तुरीचा दाणा नाकातोंडात जायला वेळ लागत नाही. कापडी पिशवीत डाळ भरली तर ती धुता येत नाही आणि पावसाळ्यात किडे धरते. संगीत वाजणाऱ्या जुन्या शुभेच्छापत्रातली चकती काढून कापडात शिवायची कल्पनाही मी ऐकली आहे. त्यात बटणाएवढा सेल असतो. तो गिळला गेला तर दोन तासांत अन्ननलिकेला गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते. हे अजिबात करू नका.

धोट्याबद्दल बोलताना मला जरा थांबावंसं वाटतं. ज्या घरात धोटा आहे त्या घराला त्याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. पण त्याच्या दोन्ही टोकांना धातूची अणकुचीदार टोपणं असतात, लाकडात वर्षानुवर्षांचं तेल मुरलेलं असतं आणि कडेला कुसं निघतात. त्याला चाकं लावायला भोकं पाडलीत तर आजोबांची वस्तूही जाईल आणि खेळणंही धड होणार नाही. तो भिंतीवर राहू द्या. भाची सात-आठ वर्षांची झाली की तिच्या हातात देऊन सांगा, याच्या पोटात कांडी बसते, दोरा या भोकातून बाहेर येतो आणि ताण्याच्या उभ्या दोऱ्यांमधून हा असा इकडून तिकडे पळतो. तेव्हा तिला ते कळेल.

जाता जाता रंगाचं. जुनी रंगवलेली लाकडी खेळणी किंवा पाळण्याचे भाग कुणी पुन्हा वापरायला दिले तर घेऊ नका. घरगुती रंगातल्या शिशाचं प्रमाण दहा लाखांत 90 भाग इतकं मर्यादित ठेवण्याचा नियम आपल्याकडे नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाचा भरवसा धरता येत नाही.

आता पुस्तकाकडे. मी शिकवायला बसले की पहिल्या दिवशी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते: जुन्या कापडावर भार टाकायचा नाही. आठवण जुन्या कापडाची, ताकद नव्या चिंध्यांची. जुनेर मऊ असतं, म्हणूनच आपल्याकडे बाळाची दुपटी त्याची करतात. पण दुपटं बाळाला लपेटायचं असतं, ओढाताण सोसायची नसते. खेळणं ओढलं जातं, चावलं जातं, पुन्हा पुन्हा धुतलं जातं. म्हणून पुस्तकाच्या प्रत्येक पानाची पाठ आणि कणा तुमच्या आईच्या कारखान्यातल्या टेरिकॉटच्या चिंध्यांचा करा. युनिफॉर्मचं कापड रोजच्या धुण्यासाठीच बनवलेलं असतं, रंग सहसा सोडत नाही आणि कडा फारशा उसवत नाहीत. चादर, साडी, टॉवेल हे सगळं त्या पाठीवर बसवायचं. उद्या चादरीचा तुकडा विरला तरी पान सुटणार नाही.

कापड निवडताना प्रत्येक तुकडा खिडकीसमोर धरा. जिथून उजेड चाळणीसारखा येतो तो भाग सोडा. मग दोन्ही मुठींत धरून आधी उभा, मग आडवा, असा झटका देऊन ओढा. तडतड आवाज आला किंवा धागे सरकून फट पडली तर ते कापड कितीही लाडकं असलं तरी घेऊ नका. सोलापुरी चादर अंग टेकतं तिथे, म्हणजे मधोमध विरते. काठाकडचा वीतभर पट्टा बहुधा शाबूत असतो आणि नक्षी तिथेच ठसठशीत असते. तुमच्या चादरीवर दोन्ही बाजूंना नक्षी दिसत असेल, एका बाजूला जो रंग जमिनीचा तो दुसऱ्या बाजूला नक्षीचा. कापण्याआधी दोन्ही बाजू बघा आणि विटलेली बाजू आत घाला.

आणखी एक गोष्ट, ही शिवणकामाची नाही. वडिलांची चादर कापण्याआधी आईला विचारा. तुकडा केवढा आणि कुठला, हे तिच्या समोर खडूने आखून दाखवा. पुस्तकाला तळहाताएवढा तुकडा पुरतो. बाकीची चादर घडी घालून परत कपाटात जाऊ द्या.

साड्या ट्रंकेत होत्या का? असल्या तर हे नीट वाचा. ट्रंकेत आपण डांबरगोळ्या टाकतो. त्यात नॅप्थलिन असतं आणि त्याची वाफ कापडात मुरून बसते. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम जन्मतःच कमी असतं. अशा बाळांना डांबरगोळ्यांत ठेवलेल्या कपड्यांमुळे रक्तातल्या लाल पेशी फुटून कावीळ झाल्याची उदाहरणं वैद्यकीय नोंदींत आहेत. आपल्या बाळाला ती कमतरता आहे की नाही हे घरच्यांना बहुधा माहीतही नसतं. म्हणून अशी साडी आधी काही दिवस गच्चीवर वाऱ्यावर टाका, दोनदा साबणाने धुवा, पुन्हा उन्हात वाळवा, मग नाकाशी धरा. किंचितही वास आला तर ती साडी या कामाला नाही. सुगंध शिंपडून तो वास झाकू नका.

टॉवेल आणि पंचे सुती असतील तर धुण्याचा सोडा घालून उकळून घ्या. चादर उकळू नका, रंग जाईल. कोमट पाण्यात भिजवून धुवा. इरकलीचा लाल काठ आणि पदर यांची वेगळी परीक्षा घ्या: पांढरा रुमाल ओला करून त्यावर जोरात घासा. रुमाल गुलाबी झाला तर मिठाच्या पाण्याने काही होत नाही, तो तुकडा सोडून दुसरा शोधा, कारण बाळ तो चोखणार आहे. जरीचा काठ असेल तर जर टोचते आणि तारा सुटतात, तीही नको.

आता मापं. सहा तुकडे टेरिकॉटचे, प्रत्येक 18 बाय 18 सेंटीमीटर. दोन तुकडे मिळून एक पान, म्हणजे तीन पानं आणि सहा बाजू. प्रत्येक कडेला दीड सेंटीमीटर शिलाईत गेला की पान 15 सेंटीमीटरचं होतं, बाळाच्या दोन हातांत मावतं. प्रत्येक पानाच्या आत जुन्या टॉवेलचा एक थर घाला, त्याने पानाला अंग येतं. रुई नको. जुन्या गादीतली तर अजिबात नको, तिच्यात धूळ असते आणि धुतल्यावर गोळे होतात. काहीजण आत वेफर्सची रिकामी पाकिटं शिवतात, बाळाला कुरकुर आवाज आवडतो म्हणून. शिवण उसवली तर तेच प्लॅस्टिक तोंडात जाणार, शिवाय त्याला मुंग्या लागतात. मी ते करत नाही.

पहिली बाजू चादरीची. हिच्यावर थोडी जास्त मेहनत घ्या, कारण चादर जाड सुताची आहे आणि कात्री लावल्याबरोबर कडेचे धागे सुटायला लागतात. म्हणून आधी कापायचं नाही, आधी शिवायचं. चादरीवर खडूने तळहाताएवढा चौकोन आखा. त्या रेषेवर बारीक टाक्याने मशीनची टीप मारा, तिच्या आतल्या अंगाला दोन दोऱ्यांवर दुसरी टीप मारा, आणि मग पहिल्या टीपेच्या बाहेर थोडी जागा सोडून कापा. हा चौकोन टेरिकॉटच्या मधोमध ठेवा आणि त्याच्या चारी कडांवर युनिफॉर्मच्या कापडाची तिरकी कापलेली पट्टी चढवून शिवा, म्हणजे सुटलेला एकही धागा बाहेर राहत नाही. मशीनला 16 नंबरची सुई घाला, अडली तर 18. कोपऱ्यात थर चढून सुई अडकते, तिथे शिवण्याआधी खलबत्त्याच्या बत्त्याने दोन-चार ठोके द्या, जाडी बसते. आणि लक्षात ठेवा, चादरीचा तुकडा कण्याच्या बाजूला दोन सेंटीमीटर अलीकडेच थांबला पाहिजे. तो कण्यात गेला तर घरगुती मशीन तिथे हार खाते.

दुसरी बाजू टॉवेलची. एक चंद्र कापा किंवा मेंढी, काहीही साधं. टेरी टॉवेलचे फासे सुटून लांब होतात आणि बाळाची बोटं त्यात अडकतात, म्हणून वापरलेला, फासे बसलेला टॉवेल घ्या आणि लांब फासा दिसला की कात्रीने बरोबर करा.

तिसऱ्या बाजूला इरकलीच्या पदराचा पडदा. हे पान भाचीला सगळ्यात जास्त आवडेल याची मला खात्री आहे. टेरिकॉटवर एक हसरा चेहरा भरा, डोळे आणि तोंड भरीव टाक्याने, दोन रंगांत. त्याच्यावर पदराचा दुहेरी तुकडा फक्त वरच्या बाजूने शिवा, खाली मोकळा. पडदा उचलला की चेहरा दिसतो, सोडला की झाकतो. या वयात मुलांना नुकतंच कळायला लागलेलं असतं की झाकलेली वस्तू तिथेच असते, म्हणून तर बुवा-कुक खेळताना ती इतकी हसतात. पडद्याच्या मागे टेरिकॉटचं अस्तर द्या आणि वरच्या कडेला तीन टिपा मारा. सगळी ओढाताण तिथेच होणार आहे.

चौथ्या बाजूला शाळेच्या शर्टाचा खरा खिसा. कारखान्यात बाद झालेला एखादा खिसा आईला मागा, तयार घडी घातलेला मिळेल. खिशाच्या आत सुती साडीचा छोटा रुमाल, एक कोपरा खिशाच्या तळाला पक्का शिवलेला. बाळ रुमाल उपसून काढेल, कोंबायचा प्रयत्न करेल, पुन्हा उपसेल. रुमाल कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एका वितीहून लांब ठेवू नका. हाच नियम पुस्तकाच्या कुठल्याही नाडीला, फितीला आणि फाशाला: वितीहून लांब दोरी बाळाच्या गळ्याभोवती फिरू शकते. पुस्तक पाळण्याला किंवा प्रॅमला बांधायला नाडी लावायचा मोह होईल, तो टाळा.

पाचव्या बाजूला निरनिराळ्या रंगांच्या चिंध्यांच्या आडव्या चुण्या घाला, बोट फिरवल्यावर लाटा लागतील अशा. मशीनवर हे सोपं आहे, आईकडे सोपवा.

सहावी बाजू तुमची एकट्याची. तिथे भाचीचं नाव तुम्ही धावदोऱ्याने घाला. आधी पेन्सिलने मोठी अक्षरं काढा, मग धावदोरा, मग त्याच अक्षरावरून उलट येत मधल्या मोकळ्या जागा भरा, म्हणजे रेष सलग दिसते आणि बोट अडकत नाही. टाके थोडे वाकडे आले तरी उसवू नका. गाठ मात्र उलट बाजूला, आणि एका गाठीवर भरवसा न ठेवता दोरा तीन-चार टाक्यांखालून फिरवून मग कापा.

सगळ्या बाजू सजवून झाल्या की दोन-दोन तुकडे सुलटे आत ठेवून, टॉवेलचा थर लावून तीन कडा शिवा, पान उलटवा, कोपरे बोथट काडीने बाहेर काढा. उघडी कड मशीनच्या नागमोडी टाक्याने बंद करा. तिन्ही पानांच्या त्या कडा एकावर एक ठेवून आधी एकत्र शिवा, मग 18 बाय 8 सेंटीमीटरची टेरिकॉटची दुहेरी पट्टी त्यावर कण्यासारखी चढवा, दोन्ही टोकं आत दुमडा आणि दोन टिपा मारा. पट्टीच्या सुरुवातीला आणि शेवटाला उलटी टीप विसरू नका, शिवण तिथूनच उसवायला लागते. जुन्या रिळांतला दोरा वापरू नका. सुती रीळ पडून पडून कुजतं, हाताने ओढलं तरी तटकन तुटतं. नवा पॉलिएस्टरचा दोरा आणा. या सगळ्या भेटीत विकत आणण्यासारखी तेवढी एकच गोष्ट आहे.

टाचण्या मोजून घ्या आणि मोजून परत डबीत टाका. एक जरी कमी भरली तरी पुस्तक पुढे जायचं नाही. फ्रिजवरचं लोहचुंबक प्रत्येक पानावरून दोन्ही बाजूंनी फिरवा, अडकलेली टाचणी किंवा तुटलेलं सुईचं टोक कळतं. मग ते लोहचुंबक बाळापासून दूर, जागच्या जागी ठेवा. लहान चुंबकं गिळली गेली तर आतड्यात एकमेकांना चिकटून भोक पाडतात.

मग परीक्षा. दुकानात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना आपल्याकडे 1 जानेवारी 2021 पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, त्यामागे ओढून, आपटून केलेल्या चाचण्या असतात. घरच्या वस्तूचे तपासनीस आपणच. मी पडदा, रुमाल आणि कणा यांना एकेक करून चिमट्याने पाच किलो गव्हाची पिशवी अडकवते आणि दहा अंक मोजते. मग पुस्तक ओलं करून पिळते, पुन्हा पिशवी अडकवते, कारण बाळाच्या तोंडातून ते ओलंच बाहेर येणार. टीप तडकली, धागे सरकले, तर तो भाग उसवून पुन्हा शिवायचा. शेवटी सगळं पुस्तक दोनदा धुऊन उन्हात खडखडीत वाळवायचं. तीन थरांची जाड शिवण आत ओली राहिली तर कुबट वास धरते, म्हणून सोलापूरचं ऊन असलं तरी दुपारभर एका बाजूने आणि दुसऱ्या दुपारी दुसऱ्या बाजूने.

अस्वलाचाच हट्ट असेल तर भाचीच्या तिसऱ्या वाढदिवसाला करा. काडेपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, रिकामी रिफिल यांच्या ज्या गमतीदार वस्तू खेळण्यांतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांनी लाखो मुलांपर्यंत पोहोचवल्या, त्या शाळकरी वयाच्या आहेत. त्यांचे व्हिडिओ बघून आत्ताच काही करायला जाऊ नका, पण पुढच्या वाढदिवसांसाठी तो खजिना आहे.

उरलेल्या साडीची गोधडी करावी का, हेही तुम्ही विचाराल. करा, पण जमिनीवर पसरून खेळण्यासाठी. वर्षाच्या आतल्या बाळाजवळ झोपताना जाड पांघरूण, उशी, मऊ खेळणी ठेवू नयेत असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, आणि पुस्तकाचंही तेच: जागेपणी हातात, झोपताना बाजूला.

वेळेचा हिशोब असा धरा. पहिला आठवडा धुणं, वाळवणं आणि वास घेणं यातच जाईल, त्यात घाई करू नका. दुसऱ्या आठवड्यात सहा बाजू सजवा, रोज रात्री एक झाली तरी पुरे. तिसऱ्या आठवड्यात जोडणी आणि परीक्षा. देताना बहिणीला तोंडी नाही, चिठ्ठीवर लिहून द्या: थंड पाण्यात हाताने धुवायचं, दर महिन्याला पडदा, रुमाल आणि कणा ओढून बघायचे, शिवण उसवलेली दिसली तर त्याच दिवशी पुस्तक बाळापासून काढून ठेवायचं आणि दुरुस्तीला मामाकडे पाठवायचं.